बीपीची वही: घरच्या घरी रक्तदाब मोजून तो आटोक्यात ठेवायची रीत

बीपीबद्दल आपल्याकडे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली, बीपी वाढला की डोकं दुखतं, मान अवघडते, चक्कर येते, म्हणजे आपल्याला कळतंच. दुसरी, गोळीने आकडा नॉर्मल आला की आजार गेला. दोन्ही खोट्या आहेत आणि दोन्ही महागात पडतात. १६०/१०० घेऊन माणूस शेतात राबतो, लोकलला लटकून ऑफिस गाठतो, वरातीत नाचतो. त्याला काहीच होत नसतं. होत असतं ते आत, मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्यांच्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना, तेही वर्षानुवर्षं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे दर तिसऱ्या माणसाला. चाळिशी ते सत्तरीच्या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. उलट वरचा आकडा नुसता १० ने खाली आणला तरी पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो. एवढा परतावा देणारे उपचार वैद्यकात फार नाहीत.

पण खाली आणायचा तर आधी तो आकडा खरा कळायला हवा. दवाखान्यात जिना चढून, अर्धा तास ताटकळून, डॉक्टरांशी बोलता बोलता घेतलेलं एक माप म्हणजे तुमचा रक्तदाब नव्हे. सात दिवस घरी नीट मोजून काढलेली सरासरी, ती तुमची. मीठ किती कमी करायचं, गोळी वाढवायची की कमी करायची, हे सगळं त्या सरासरीवरून ठरतं. म्हणून सुरुवात मोजण्यापासून.

मशीन घेताना

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरची मशीन आणि स्मार्ट घड्याळं या कामाला नकोत. मनगट किंचित वर-खाली झालं तरी आकडा बदलतो. ब्लूटूथ, ॲप असल्या सोयी असल्या-नसल्या तरी चालतात. बघायचं ते दोनच गोष्टींत: मॉडेल तपासून प्रमाणित केलेलं आहे का (स्ट्राइड बीपी नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते), आणि पट्टा आपल्या दंडाला बसतो का.

या दुसऱ्या गोष्टीकडे फार थोडे लोक बघतात. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत येणारा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. दंड ३५ चा आणि पट्टा ३२ चा असेल तर आकडा फुगतो. खूप जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला तर वरचा आकडा २० पर्यंत जास्त दिसू शकतो, आणि नसलेल्या आजाराची गोळी गळ्यात पडते. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो मागून घ्या. मशीन आणलं की एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मापाशी ताडून बघा, आणि वर्षातून एकदा पुन्हा.

मोजायचं कसं

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं. चहा, नाश्ता, गोळी, सगळं नंतर. तंबाखू, मिश्री, सिगारेट किंवा व्यायाम झाला असेल तर अर्धा तास थांबायचं. मग पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसायचं. खाटेवर, दिवाणावर किंवा पाटावर मांडी घालून बसलं तर पाठ अधांतरी राहते आणि आकडा वाढतो. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा साधारण ४ ने जास्त येतो आणि बाजूला लोंबता ठेवला तर ६ ते ७ ने. अमेरिकेत २०२४ मध्ये नेमकं हेच मोजून पाहिलं गेलं आहे.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. स्वेटरवरून बांधू नका. बायकांच्या बाबतीत आणखी एक: घट्ट ब्लाउजची बाही वर गुंडाळून ठेवली की तीच दंड आवळते. सैल बाहीचा गाऊन घालून मोजलेलं बरं.

आता पाच मिनिटं गप्प बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मग बटण दाबायचं आणि मशीन चालू असताना एक शब्द बोलायचा नाही. "आई, गोळी घेतलीस का?" असं कोणी विचारलं तर उत्तरही द्यायचं नाही. बोलण्याने आकडा १० च्या आसपास सहज वर जातो. एक मिनिट थांबून दुसरं माप घ्यायचं आणि दोन्ही वहीत लिहायची. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांत मोजून बघा. ज्या हातात जास्त येतो तोच हात पुढे कायम धरा. दोन हातांत १५ हून अधिक फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगा. एखादी रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. नाडी अनियमित असलेल्यांनी दोनऐवजी तीन मापं घ्यावीत, कारण अनियमित ठोक्यांत मशीन गोंधळतं.

सात दिवसांची वही

दिवसाला चार मापं, सात दिवस. पहिल्या दिवसाची सोडून द्यायची. त्या दिवशी मशीनची धास्ती असते. उरलेल्या २४ मापांत वरच्या आकड्यांची बेरीज करून २४ ने भागायचं, खालच्यांची वेगळी. एवढंच गणित. एखादं माप १५८ आणि एखादं १२२ आलं म्हणून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. रक्तदाब दिवसभर हलतच असतो.

घरच्या सरासरीसाठी सीमा १३५/८५ आहे, दवाखान्यातली १४०/९०. अमेरिकन तज्ज्ञांनी २०१७ मध्ये आपली रेषा १३०/८० वर आणली, म्हणून इंटरनेटवर वेगवेगळे आकडे दिसतात. व्यवहारात असं धरा: सरासरी १२०/८० च्या आत असेल तर छान. त्याच्या वर पण १३५/८५ च्या आत असेल तर पुढे दिलेले खाण्या-चालण्याचे बदल आजपासून, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा वही. १३५/८५ किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे. १६०/१०० च्या वर असेल तर "आधी महिनाभर पथ्य करून बघतो" हा विचार सोडा आणि त्याच आठवड्यात जा.

गोळी चालू असलेल्या बहुतेकांसाठी घरची सरासरी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य ठीक. ते किती खाली न्यायचं हे वय, मधुमेह, मूत्रपिंडं आणि चक्कर येते का यावर ठरतं. ऐंशी ओलांडलेल्या, काठीने चालणाऱ्या आजोबांना तरुणाचं लक्ष्य लावून त्यांना न्हाणीघरात पाडण्यात अर्थ नाही.

"खालचा नॉर्मल आहे ना, मग ठीक आहे," हेही ऐकू येतं. साठीनंतर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि बऱ्याचदा फक्त वरचाच वाढतो. तोही तितकाच घातक.

वहीमुळे आणखी दोन प्रकार उघडे पडतात. काहींचा आकडा दवाखान्यातच चढतो, घरी बरा असतो. काहींचं उलट, दवाखान्यात १२८ आणि घरी, कामावर रोज १४५. हा दुसरा गट जास्त धोक्यात, कारण त्याला कोणी आजारी म्हणतच नाही.

एकदा घडी बसली की महिन्यातले काही दिवस किंवा डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडा मोजलं की पुरे. दिवसातून दहा वेळा पट्टा बांधणाऱ्यांनी मशीन कपाटात ठेवावं. काळजीनेच आकडा वाढतो आणि तो पाहून काळजी.

पहिल्या भेटीत काय मागायचं

रक्तातलं क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, लिपिड प्रोफाइल, लघवीतली प्रथिनं, आणि एक ईसीजी. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदाही. वयाच्या तिशीच्या आतच बीपी वाढला असेल, तीन गोळ्यांनीही उतरत नसेल, किंवा मोठ्याने घोरून झोपेत श्वास अडकत असेल तर त्यामागे मूत्रपिंड, ग्रंथी किंवा झोपेचा आजार आहे का हे शोधायला सांगा. ज्या बाईचा बीपी गरोदरपणात वाढला होता तिने तो बाळंतपणानंतर उतरला तरी आयुष्यभर वर्षातून एकदा मोजलाच पाहिजे, आणि डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

खर्चाचा प्रश्न असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात बीपी फुकट मोजतात, नेहमीच्या गोळ्याही मिळतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात सुरू झालेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत आधी राबवला गेला. त्याची रीत साधी होती: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, ठरलेल्या क्रमाने, महिन्याभराच्या एकदम, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. बीपीला भारी औषध लागतं असं नाही.

मीठ: पुडी संपते कधी ते बघा

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. पण स्वयंपाक करताना चिमूट कोण मोजत बसणार? त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. मिठाची एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती महिन्यात संपली तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर मीठ नुसतं डब्यातून जातंय. लोणचं, पापड, फरसाण, पाव यांचं त्यावर वेगळं. तीच पुडी दोन महिने पुरली तर माणशी ४ ग्रॅमच्या आसपास आलात. कैरीचं लोणचं घालायचा महिना या हिशेबातून वगळा.

कमी कसं करायचं? एकदम अळणी केलंत तर घरचे आठवड्यात बंड करतील. क्रमाने काढा. आधी जिथे मीठ काढलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही तिथून: पोळीची कणीक, भाकरीचं पीठ, भाताचं पाणी. भाकरीबरोबर ठेचा किंवा झणझणीत पिठलं असणारच आहे, पिठात मीठ कशाला? मग ताटातलं. आपल्याकडे ताट वाढताना सुरुवात मिठाने करायची पद्धत आहे. नैवेद्याच्या ताटात ती राहू द्या, रोजच्या ताटातून काढा. टेबलावरची मिठाची बाटलीही उचला. त्यानंतर ताक आणि कोशिंबीर. ताकात जिरेपूड, आलं, कोथिंबीर असली की मीठ निम्मं चालतं. भाजी-आमटीतलं मीठ सगळ्यात शेवटी, दर आठवड्याला थोडं थोडं. जीभ दीड-दोन महिन्यांत जुळवून घेते, आणि मग बाहेरचं खारट लागायला लागतं.

चव भरून काढायला आपलं स्वयंपाकघर समर्थ आहे. लिंबू, चिंच, कैरी, आमसूल, भाजलेल्या तिळाचं किंवा कारळ्याचं कूट, लसणीची फोडणी, गोडा मसाला. आंबट आणि तिखट नीट जमलं की मिठाची उणीव कळत नाही. कोकमात मात्र एक मेख आहे: आगळ, म्हणजे कोकमाचा रस, मीठ घालूनच टिकवलेला असतो. आगळाच्या सोलकढीत वेगळं मीठ घालायची गरज नसते, आणि ती रोज वाटीवाटीने पिण्यासारखीही नाही.

डब्यातल्या मिठाबरोबर विकतच्या खाऱ्या पदार्थांवरही नजर हवी. फरसाण, वेफर्स, खारे शेंगदाणे, इन्स्टंट नूडल्स, सॉस, चीज, पाव. मिसळ म्हणजे खारट रस्सा, वर फरसाण, बाजूला पाव. महिन्यातून एकदा आनंदाने खा, दर रविवारी नको. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच आहे, म्हणजे मिठातला बीपी वाढवणारा घटक. कोकणात आणि गोव्यात सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा. पावसाळ्यात ताजी मासळी नसताना ते लागतंच, पण कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी दोनदा टाकून मगच कालवणात घाला, आणि कालवणात वरून मीठ नको.

उपवास म्हणून सैंधव वापरणाऱ्यांसाठी: सैंधव, पादेलोण, गुलाबी मीठ, समुद्री मीठ, सगळ्यांत मुख्य ऐवज सोडियम क्लोराइडच. रंग बदलला म्हणून रक्तदाबाला फरक पडत नाही.

दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्याची गोष्ट वेगळी. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर असं मीठ पाच वर्षं वापरून पाहिलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी दिसले. चांगली वस्तू आहे. पण मूत्रपिंडं कमजोर असतील, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्यांतलं काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. रक्तात पोटॅशियम जास्त साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मूत्रपिंडं ठीक असतील तर अन्नातून येणारं पोटॅशियम मात्र बीपी उतरवतं. त्यासाठी वेगळं काही आणायला नको: मेथी, पालक, राजगिरा, शेवग्याची पानं, मटकी, मूग, केळं, दही. ताटात अर्धा भाग भाज्या-कोशिंबिरी, रोज एखादं फळ, भाताचा डोंगर निम्मा. तेलाचा हिशेबही पिशवीवरून करा: माणशी महिन्याला अर्धा लिटर. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणाचं तेल हृदयाला वाईट, त्यात वाद नाही.

गुपचूप बीपी वाढवणाऱ्या गोष्टी

पथ्य चालू आहे, गोळी चालू आहे, तरी वहीतले आकडे उतरत नाहीत. अशा वेळी घरातला औषधांचा डबा उघडून बघा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडांनाही त्रास देतात. महिनोन्महिने त्या घेणारे लोक घरोघरी आहेत आणि बीपीच्या डॉक्टरांना त्यांचा पत्ता नसतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पूड म्हणजे सोडियमच. सर्दीची काही औषधं, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, हेही त्याच रांगेत. आणि घशासाठी चघळतो तो ज्येष्ठमध: रोज आणि भरपूर घेतला तर बीपी चढतो, रक्तातलं पोटॅशियम घसरतं.

"आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" म्हणून बीपीच्या गोळीबरोबर न सांगता चूर्ण घेणाऱ्यांना सर्पगंधेची हकिगत सांगावीशी वाटते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला आणि आपल्याकडची ही मुळी जगभर पोहोचली. तिच्यातून निघालेलं रिसर्पिन पुढे कित्येक वर्षं बीपीसाठी वापरलं गेलं. त्याने काही रुग्णांत तीव्र उदासी येते हेही नंतर कळलं. मुळी खरोखर काम करते, म्हणूनच ती काय आणि किती घेतोय हे डॉक्टरांना माहीत असायला हवं.

तंबाखूबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री, सिगारेट, प्रत्येक वेळी निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका स्वतःला तंबाखू घेणाऱ्यांत धरतच नाहीत, दवाखान्यात विचारलं तर "नाही" म्हणतात. ती तंबाखूच आहे. दारूचं: जितकी कमी तितका आकडा कमी, हृदयासाठी थोडी चांगली असते ही समजूत आता तज्ज्ञ मानत नाहीत.

चालणं, वजन, झोप

आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास, असं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. देवळापर्यंत रमत गेलेलं यात मोजू नका. घरकाम, शेतकाम चांगलंच आहे, पण त्यात हा सलग वेग बहुधा नसतो. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसण्यासारखे ताकदीचे व्यायाम जोडले तर फायदा वाढतो. ते करताना श्वास रोखू नका. बीपी १८० च्या आसपास असेल किंवा चालताना छातीत दडपत असेल तर आधी डॉक्टर, मग चालणं.

वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा ढोबळमानाने १ ने उतरतो. काट्यापेक्षा टेप खरी: कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी. प्राणायाम, ध्यान यांनी थोडा फरक पडतो, करा. फक्त गोळीऐवजी नाही. झोप सहा-सात तासांच्या खाली नको.

गोळी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "एकदा सुरू झाली की आयुष्यभर" या धास्तीने लोक पहिलीच गोळी वर्षभर लांबवतात. सवय लागते म्हणून ती आयुष्यभर चालते असं नाही. आजार राहतो म्हणून ती राहते. वजन बरंच उतरलं, मीठ खरंच घटलं आणि वहीतली सरासरी महिनोन्महिने खाली राहिली तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी बंदही करतात. पण ते त्यांनी करायचं, हळूहळू, वही बघून. आकडा १२४ आला तो गोळीमुळे आला. ती बंद केली की काही दिवसांत पूर्वपदावर जातो. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिनसारख्या गोळ्या तर एकाएकी तोडणं धोक्याचं, हृदयावर उलटा ताण येतो.

नेहमीच्या गोळ्यांची ओळख असू द्या. ॲम्लोडिपिन: स्वस्त, भरवशाची, पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. काहींच्या घोट्यांना सूज येते. ती मूत्रपिंडं बिघडल्याची खूण नसते, डोस कमी करून किंवा टेल्मिसार्टनची जोड देऊन बहुधा उतरते. रामिप्रिल, एनालाप्रिल: काहींना कोरडा खोकला लागतो, आणि लोक खोकल्याची बाटली आणत राहतात. खोकला गोळीमुळे असेल तर गोळी बदलून मिळते. टेल्मिसार्टन, लोसार्टन: खोकला बहुधा नाही, पण गरोदरपणात या आणि रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्या अजिबात चालत नाहीत, दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांना सांगा. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड: लघवीवाटे मीठ-पाणी काढतात. म्हाताऱ्या माणसाला ही सुरू केल्यावर मरगळ, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर रक्तातलं सोडियम तपासा.

दोन गोळ्या लिहून दिल्या म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं समजू नका. एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन औषधं थोडी थोडी दिली तर आकडा जास्त उतरतो आणि त्रास कमी होतो. दोन्ही एकाच गोळीत मिळतात, ती मागा. विसरणं निम्मं होतं. जनऔषधी केंद्रात तेच औषध बऱ्याच कमी किमतीत मिळतं.

सकाळी घ्यायची की रात्री? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर हे तपासलं गेलं आणि २०२२ मध्ये निकाल आला: फरक नाही. तुम्हाला आठवेल ती वेळ. दात घासायच्या ब्रशशेजारी पाकीट ठेवा किंवा सात खणांची डबी आणा. एखाद्या दिवशी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

उपवासाच्या दिवशीही बीपीची गोळी घ्यायची, बहुतेक गोळ्यांना भरल्या पोटाची गरज नसते. वारीला, लग्नाला, गावी जाताना ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

ऋतूंकडेही लक्ष द्या. थंडीत बीपी चढतो, उन्हाळ्यात उतरतो. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ४४-४५ अंशांत लघवीची गोळी घेणाऱ्याला उठताना अंधारी येऊ लागली तर बसून आणि मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा २० ने पडत असेल तर डॉक्टरांना फोन करा. जुलाब-उलट्या लागल्या तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन-रामिप्रिल गटातली गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी विचारून घ्या, मूत्रपिंडांचा प्रश्न असतो.

आणि हृदय सांभाळायचं तर एकटा बीपी धरून भागत नाही. साखर आणि कोलेस्टेरॉल त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सांगितलं असेल तर तेही बीपीच्या गोळीइतकंच नियमित. मात्र "रक्त पातळ करायची" ॲस्पिरिन शेजाऱ्याला चालू आहे म्हणून स्वतःहून सुरू करू नका; हृदयविकार झालेला नसलेल्या अनेकांत तिच्या फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका मोठा असतो.

आकडा अचानक १८० च्या वर आला तर

पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. पट्टा, हात, पाय सगळं नीट आहे ना बघा. १८०/१२० च्या वरच राहिला पण माणसाला दुसरा काही त्रास नाही, तर रोजची गोळी राहिली आहे का ते आठवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आकडा झटकन पाडायची घाई करू नका. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची जुनी पद्धत आता धोकादायक मानली जाते. रक्तदाब एकदम कोसळला तर मेंदूला रक्त अपुरं पडतं आणि टाळायचा होता तोच पक्षाघात ओढवतो.

आकडा काहीही असो, पुढच्या खुणांपैकी एक जरी दिसली तर १०८ ला फोन. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळतं, एकाएकी दिसेनासं होतं, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखतं: हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून खूण दिसली ती वेळ कागदावर लिहा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. स्कॅन होईपर्यंत ॲस्पिरिन नाही, कारण आत रक्तस्राव असेल तर ती घात करते. तोंडात पाणी, साखर, कांद्याचा रस काही घालू नका; गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

छातीच्या मधोमध दडपण, ते जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकतंय, घाम फुटलाय, धाप लागली आहे: हा हृदयाचा झटका समजून चला. "पित्त झालंय, गॅस धरलाय" म्हणत सोडा पिऊन रात्र काढणं हे आपल्याकडचं नेहमीचं. मधुमेहींना आणि बायकांना छातीत फारसं न दुखता नुसता दम, मळमळ, कमालीचा थकवा एवढंच होऊ शकतं. रुग्णाला चालवू नका, त्याने गाडी चालवू नये. १०८ वरच्या माणसाने सांगितलं तर ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, रुग्णाला बसवून, आणि वरचा आकडा १०० च्या खाली नाही हे बघून. लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर मुळीच नाही. रुग्णवाहिकेत बसताना औषधांची चिठ्ठी आणि बीपीची वही बरोबर घ्या. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" हाच असतो.